गवा आडवा आला आणि हे मला सोडून पळाले

*आक्का, नमस्कार.*

*आम्ही कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहतो. माझं वय ५१, मिस्टरांचं ५६. त्यांना शुगर निघाल्यापासून दर रविवारी पहाटे आम्ही सहा-सात जण पन्हाळ्याला जातो आणि तिथून मसाई पठाराच्या वाटेनं चालतो. फेब्रुवारीतल्या एका रविवारी हे पुढं, दोन पावलं मागं मी, आणि बाकीचे बरेच मागं राहिलेले. करवंदीच्या जाळीपाशी वाट वळते तिथं वळलो आणि समोर गवा! पंधरा पावलांवर. काळाभोर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. हे गर्रकन वळले आणि मला धक्का देऊन मागं पळाले. माझे पाय जमिनीला खिळले. हातातली पाण्याची बाटली पडली, ती अजून तिथंच असेल. गवा जोरात फुसकारला, मान हलवली, मग आडवा होऊन उभा राहिला. मिनिटभर तरी. मग उतारानं झाडीत शिरला. तेवढ्यात हे बाकीच्यांना घेऊन, काठ्या घेऊन आले.*

*त्या संध्याकाळपासून गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर, म्हशी समोर पिळून ग्लासात दूध देतात तिथं, एकच गोष्ट चालू आहे. 'मी आरडाओरडा करून त्याला हुसकावला, ही तर पुतळा झाली होती.' दर खेपेला गवा थोडा मोठा होतो. मी काही बोलले नाही. पण आता कट्ट्यावरची म्हैस नुसती फुरफुरली तरी मला घाम फुटतो. पन्हाळ्याला जायचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. तसे हेही त्या दिवसापासून गेलेले नाहीत, गुडघा दुखतो म्हणतात. मुलगी म्हणते, आई, हसून सोडून दे. लग्नाला २७ वर्षं झाली. तो धक्का काही सुटत नाही. मी काय करायला पाहिजे होतं? आणि आता काय करू?*

*— एक पुतळा, कोल्हापूर*

———

पुतळाबाई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा गव्यासाठी आणि एकदा मिस्टरांसाठी. उत्तरही त्याच क्रमानं देते, कारण गव्याचं सोपं आहे.

मी राधानगरी तालुक्यातली. आमच्याकडं गवा ही बातमी नसायची, शेजार असायचा. दाजीपूरचं रान संस्थानच्या काळात शिकारीसाठी राखलेलं होतं, ते १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं. राज्यातलं पहिलं म्हणून त्याचं नाव घेतात. पुढं १९८५ मध्ये ते वाढवून राधानगरी अभयारण्य झालं, आता साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या वर आहे. पण हद्दीचा दगड माणसाला वाचता येतो, गव्याला नाही. फेब्रुवारी-मार्चात सड्यावरचं, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळावरचं गवत वाळतं, बरंचसं वणव्यात जातं, झरे आटायला लागतात, आणि खाली बघावं तर नदीकाठानं हिरवागार ऊस. बारा महिने पाणी, बारा महिने पाला. तुम्ही-आम्ही गवा असतो तर कुठं गेलो असतो?

तुम्हाला दिसलेला बहुतेक एकटा नर होता. कळप असतो तो माद्यांचा आणि पिल्लांचा, त्यात एखादी जाणती मादी पुढं असते. वयात आलेले नर पुष्कळदा एकटेच हिंडतात, आणि तेच असे पन्हाळ्याच्या नाहीतर जोतिबाच्या अंगाला लांबवर येऊन पोचतात. वजन हजार किलोच्या घरात. खांद्यापाशी उंची पावणेसहा फुटांच्या आसपास, म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या डोक्याइतकी धरा. (कट्ट्यावरच्या गोष्टीत ती आता किती झाली आहे ते कळवा.)

आता तो तुमच्या इतक्या जवळ आलाच कसा? तो आला नाही. तुम्ही गेलात. गव्याची नजर बेताची पण नाक फार तिखट. वारा तुमच्याकडून त्याच्याकडं वाहत असता तर तुमच्या अंगाचा, साबणाचा, गाडीतल्या डिझेलचा वास त्याला लांबूनच आला असता आणि तो आधीच सटकला असता. त्या दिवशी वारा उलटा असणार. तो जाळीआड रवंथ करत उभा असेल. तुम्ही दोघं पहाटेच्या गारठ्यात मुकाट चालत वळणावर आलात. तुमच्याइतकाच तोही दचकला.

दचकलेला गवा आधी फुसकारतो. तो इशारा असतो, हल्ला नव्हे. मग तो आडवा झाला हे तुम्ही फार नेमकं लिहिलंय. नर अशी कूस समोर करून उभा राहतो तेव्हा तो आपला आकार दाखवत असतो: बघ, केवढा आहे मी, आता ठरव. गव्यांच्या आपापसातल्या भांडणातही असंच चालतं, निम्मी भांडणं नुसत्या दाखवण्यावर मिटतात. तुम्ही हलला नाहीत, ओरडला नाहीत, त्याच्याकडं गेला नाहीत. त्याच्या हिशेबानं तुम्ही ठरवलंत. तो निघून गेला.

तेव्हा उभी राहिले म्हणून वाचले की नशिबानं, असं तुमच्या मनात असेल तर दोन्ही म्हणते. तुमचे पाय खिळले ते काही शहाणपणानं खिळले नव्हते, भीतीनं खिळले. अंगाला अशा वेळी तीनच गोष्टी येतात. पळणं, भिडणं आणि थिजणं. कुठली येणार हे आपल्याला कुणी विचारत नाही. तुमच्या वाट्याला थिजणं आलं आणि गव्यापुढं ते कामी आलं. उद्या मोटारीसमोर तेच आलं तर कामी येणार नाही. म्हणून 'पुतळा' हे नाव तुम्ही सहीत लिहिलंत ते मला आवडलं नाही, आणि तुम्ही मोठी शूर असंही मी म्हणणार नाही.

पुढच्या खेपेला मात्र थोडं जास्त करा. नजर त्याच्यावर ठेवून, पण रोखून न बघता, तोंड त्याच्याकडंच ठेवून हळूहळू मागं सरकायचं. त्याला जायची वाट मोकळी सोडायची, ही सगळ्यात मोठी गोष्ट. दरी, कुंपण, घळ असं काही त्याच्या मागं असेल आणि पुढं तुम्ही, तर त्याला तुमच्या अंगावरूनच जावं लागतं, त्यात राग कमी आणि नाइलाज जास्त. जवळ जाड बुंध्याचं झाड नाहीतर मोठा धोंडा असेल तर त्याच्या आड व्हायचं. सरळ सपाटीवर पळायचं नाही, तो तुमच्यापेक्षा पुष्कळ वेगानं पळतो. खरंच अंगावर आलाच तर मग आहे त्या आडोशाकडं, चढाच्या दगडाकडं, झाडावर, जिथं जमेल तिथं. तेव्हा मान-मर्यादा बघायची नाही. आणि मादीबरोबर पिल्लू दिसलं तर फोटोचा विचारही मनात आणू नका, मायलेकरांच्या मध्ये तर चुकूनही सापडू नका. कुत्रं बरोबर नेऊ नका. ते आधी भुंकत गव्यावर जातं, मग घाबरून धन्याकडं पळत येतं आणि मागोमाग गव्याला घेऊन येतं.

हे सगळं गव्यासाठी आहे. बिबट्याचं वेगळं असतं. त्याच्यापुढं उभं राहून हात वर करायचे, मोठ्यानं बोलायचं, आपण दिसतो त्याहून मोठं दिसायचं. वाकायचं नाही, पाठ दाखवायची नाही. दोन्हीत समान एवढंच की पळायचं नाही.

माझे आजोबा रानात शिरताना खाकरायचे. घशात काही नसायचं. प्रत्येक वळणाआधी एकदा खाकरायचं, काठी दगडावर आपटायची, नाहीतर बैलाशी बोलावं तसं काहीतरी बोलत जायचं. लहानपणी मला ते म्हाताऱ्याचं खुळ वाटायचं. घरात सुनेच्या खोलीपुढून जातानाही ते असेच खाकरायचे, आणि मला वाटतं दोन्हीकडं कारण एकच होतं. तुमच्या वाटेवरची ती करवंदीची जाळी तशी आहे. वळणाआधी बोला, हसा, मिस्टरांचं नाव घेऊन हाक मारा. मोबाइलवर गाणी मात्र नकोत, ती लावली की आपल्यालाच काही ऐकू येत नाही. आणि फटफटायच्या आत निघत असाल तर अर्धा-पाऊण तास उशिरा निघा. गवे चरतात ते रात्री, पहाटे आणि सांजेला. ऊन जरा वर आलं की ते दाट झाडीत जाऊन बसतात.

काठ्या घेऊन आलेल्या मंडळींबद्दलही बोलते, कारण मला खरी भीती त्याची वाटली. गवा गेला होता म्हणून बरं. नसता गेला तर सहा जणांनी त्याला घेरून हाकललं असतं, कुणीतरी व्हिडिओ काढला असता, खालच्या वाडीतली पोरं आली असती. ९ डिसेंबर २०२० ला पुण्यात कोथरूडला गवा आला तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. माणसं त्याच्या मागं आणि पुढं तो, तास न् तास. शेवटी धावून धावून आणि घाबरून तो मेला. पुढच्याच वर्षी, डिसेंबरातच, आपल्या कोल्हापूरच्या वेशीवर गवा फिरत होता आणि भुयेवाडीच्या शिवारात एका तरुण पोराचा जीव गेला. गवा दिसला तर वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करायचा आणि लांब व्हायचं. 'इथं गवा आलाय, लवकर या' असं ग्रुपवर टाकायचं नाही, कारण माणसं खरंच येतात.

झालं गव्याचं. आता मिस्टर.

तुम्हाला एक सांगते, हे मी चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मी अकरा वर्षांची असताना धाकट्या बहिणीला घेऊन संध्याकाळी खळ्याकडं गेले होते. ती सहाची. तिचा हात माझ्या हातात होता. बांधावरून गवा वर आला. पुढचं मला आठवतं ते एवढंच की मी गवताच्या गंजीवर होते, आणि बहीण खाली एकटी उभी होती. तो हात मी कधी सोडला ते मला आजही आठवत नाही. गव्यानं तिच्याकडं बघितलं, नाचणीत तोंड घातलं आणि चरत चरत पलीकडं गेला. घरी गेल्यावर मी आईला सांगितलं की हिनंच माझा हात सोडला. बहिणीला मार बसला.

पळाले याची लाज मला दोन-चार दिवस वाटली असेल. मार बसला त्याची मात्र तिच्या मुलीच्या लग्नापर्यंत वाटत राहिली. हळदीच्या रात्री सगळ्या बायका बसल्या होत्या तेव्हा शेवटी मी सांगून टाकलं. ती काय म्हणाली? "मला ठाऊक हाय की. तू पळालीस त्याचं काय न्हाई वाटलं गं. आईपुढं तू माझ्याकडं बघितलंसच न्हाई."

तुमच्या पत्रात मला हेच दिसलं. धक्का सुटत नाही असं तुम्ही लिहिता, पण पत्रात धक्क्याला एक ओळ आहे आणि कट्ट्याला तीन. मिस्टर पळाले तेव्हा ते नवरा म्हणून पळाले नाहीत, अंग पळालं. तुमचं थिजलं, त्यांचं पळालं, बस्स. या एका गोष्टीवरून २७ वर्षांचा हिशेब काढू नका. त्यांना शुगर निघाली तेव्हा तुम्ही पहाटे पाचला उठायला लागलात, आणि तुमच्या आजारपणात त्यांनी काय केलं असेल ते तुम्हालाच माहीत. हिशेब काढायचाच तर त्याचाही काढा. शिवाय ते काठ्या घेऊन परत आले. गवा अजून तिथंच असेल असं धरूनच आले असणार. हे मला तुम्ही सांगितलंत, तेही अगदी सहज, म्हणून मी ते तुमच्याच बाजूनं मोजते.

पण कट्ट्यावरची गोष्ट वेगळी. ती अंगानं नाही, तोंडानं सांगितली जाते, रोज, विचार करून. आणि तिच्यात त्यांनी स्वतःला मोठं करून भागवलं नाही, तुम्हाला लहान केलं. तुमचा राग त्याचा आहे आणि तो रास्त आहे. मुलगी हसून सोडून दे म्हणते, तिचं वय आहे तसं म्हणायचं. हसून सोडता आलं असतं तर तुम्ही मला लिहिलंच नसतं.

आता त्यांच्या गुडघ्याचं बघा. तुम्ही ते वाक्य जाता जाता लिहून गेलात. त्याच रविवारपासून गुडघा दुखतोय! बाई, तुमच्या घरात पन्हाळ्याच्या वाटेला घाबरणारं माणूस एक नाही, दोन आहेत. एकाला म्हशीच्या फुरफुरण्यानं घाम फुटतो, दुसरा तोच घाम रोज दुधाच्या ग्लासाबरोबर गिळतो आणि वर गोष्ट सांगतो. ज्याला खरंच विसर पडतो तो रोज सांगत बसत नाही.

तेव्हा बोला. कट्ट्यावर नको, चार माणसांत तर मुळीच नको. गोष्टीच्या मध्येच 'अहो, असं नव्हतं झालं' म्हणून टाचणी लावायचा मोह होईल, झालाही असेल. टाचणी लावलीत तर ते त्या गोष्टीला आणखी घट्ट धरून बसतील. घरी, जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून, सरळ म्हणा, "त्या दिवशी तुम्ही पळालात त्याचं मला काही नाही. पण मला एकदा विचारायचं होतंत, तू बरी आहेस का म्हणून. आणि कट्ट्यावर मला पुतळा म्हणता ते मला लागतं." एवढंच. 'नेहमीच तुम्ही असं करता' हे वाक्य तोंडात आलं तर पाणी प्या. मग त्यांना बोलू द्या. ते आधी चिडतील, मग गप्प होतील, मग बहुतेक उठून गॅलरीत जातील. आमच्याकडचे पुरुष माफी गॅलरीत मागतात, चेहरा रस्त्याकडं करून. ऐकून घ्या.

माफी नाहीच मागितली तर? तरी कट्ट्यावरची गोष्ट बदलते का ते बघा. 'मी हुसकावला'चं 'आम्ही दोघं वाचलो' झालं तर ते समजले असं धरा, त्यावर आणखी कबुलीजबाब मागू नका. महिन्याभरात काहीच बदललं नाही तर मात्र पुढच्या वेळी ती गोष्ट तुम्ही सांगा. कट्ट्यावर, सगळ्यांपुढं, हसत, खरी. तो हक्क तुमचाही आहे, तिथं त्या वेळी शेवटपर्यंत उभं असलेलं माणूस तुम्हीच होता.

राहिलं भीतीचं. फुरफुरणाऱ्या म्हशीला घाबरणं यात वेडेपणा काही नाही, कानाला तो आवाज ओळखीचा झालाय आणि अंग त्याच्यावर विश्वास ठेवतंय. हे साधारण काही आठवड्यांत निवळत जातं. झोप उडाली असेल, तेच तेच डोळ्यांपुढं येत असेल आणि महिना-दोन महिन्यांत काहीच उतार नसेल तर डॉक्टरांना दाखवा, लाज वाटायचं कारण नाही. तोवर कट्ट्यावर जाणं सोडू नका. गवळ्याला सांगून एखाद्या गरीब म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहा. आणि एक सांगू? गवा रेडा म्हणतात, पण गव्याचं जवळचं नातं गायीशी, म्हशीशी लांबचं. त्या बिचारीवर तुम्ही उगाच राग धरताय.

चालणं मात्र थांबवू नका, दोघांनीही. शुगर गव्यापेक्षा वाईट, ती इशाराही देत नाही. पहिले दोन-तीन रविवार शिवाजी विद्यापीठाच्या आवारात चाला, तिथं फार तर मोर आडवा येईल. मग पन्हाळ्याला जा, पण नुसतं गडावर, तटाच्या कडेनं. मग मसाईच्या वाटेनं अर्ध्यापर्यंत. त्या वळणाआधी थांबायचं असेल तर थांबा. कुणी पैज लावलेली नाही. मिस्टरांना म्हणावं, पुढं मी चालते, तुम्ही मागून खाकरा.

आणि त्या जाळीपाशी पोचलात तर बाटली तेवढी उचलून आणा. प्लास्टिकची असेल तर कुणाच्या तरी पोटात जायला नको.

— आक्का